चालू घडामोडींवर मत मांडण्याआधी आपण मूळ कागद कुठे वाचता?

धंतोलीची वाचक (प्रश्न)

नमस्कार. महाजालावर वाचनात आलेले काही मोलाचे आणि त्यावरचे आपले स्पष्ट मत, अशा दोन्ही गोष्टी एकत्र ठेवता याव्यात म्हणून हा प्रश्न विचारते आहे. नागपुरात कोणताही विषय निघाला, मग तो उन्हाचा असो, हिवाळी अधिवेशनाचा असो, नागनदीच्या पुराचा असो की कापसाच्या भावाचा, तासाभरात भरपूर मते गोळा होतात. मात्र ज्या अहवालावरून, अधिसूचनेवरून किंवा नोंदीवरून ती बातमी तयार झाली, तो कागद वाचलेला माणूस त्यात क्वचितच भेटतो. कागद मिळत नाही, ही सबब आता उरलेली नाही. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले नागपूर जिल्ह्याचे १९०८ सालचे गॅझेटियर घरबसल्या वाचता येते, संविधान सभेतील चर्चा शब्दशः उपलब्ध आहेत, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सभागृहाची कार्यवाही मिळते आणि केंद्राचे राजपत्र प्रसिद्ध होताच कोणालाही उघडता येते.

मला संकेतस्थळांची नुसती यादी नको आहे. जो कागद वाचल्यावर एखाद्या चालू विषयावरचे तुमचे मत बदलले किंवा अधिक पक्के झाले, तो कोणता, त्यात नेमके काय लिहिले आहे आणि त्यावरून तुम्ही काय म्हणू इच्छिता, हे आडपडदा न ठेवता लिहावे. पक्षांची उणीदुणी काढणे टाळले तर चर्चेला खोली येईल.

रामदासपेठकर

ताई, उन्हापासूनच सुरुवात करतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेल्याची बातमी देशभर पसरली होती. आकडा अगदीच निराधार नव्हता, कारण एका स्वयंचलित हवामान केंद्राने तो खरोखरच दाखवला होता. परंतु त्याच वेळी आसपासच्या इतर काही केंद्रांवर पारा पंचेचाळीस अंशांच्या जवळपास होता, आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने संवेदकातील बिघाडामुळे हा आकडा आल्याचे लगेच स्पष्ट केले. आकडा मात्र पुढे गेला आणि खुलासा मागे राहिला.

हवामान विभागाच्या नोंदी थोड्या चाळल्या असत्या तर कोणालाही शंका आली असती. भारतातील आजवरचे सर्वाधिक अधिकृत तापमान ५१ अंश असून ते राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदले गेले आहे, तर नागपूरचा स्वतःचा उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा आहे. जगाचा मान्यताप्राप्त उच्चांक ५६.७ अंश असून तो अमेरिकेतील डेथ व्हॅलीत १९१३ साली नोंदला गेला. म्हणजे रामदासपेठेतले एक केंद्र जागतिक उच्चांकाच्या जवळ जाऊन पोहोचले, असे आपण काही तास मानून चाललो होतो.

अधिकृत तापमान कसे मोजतात, हेही वाचण्यासारखे आहे. झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, मोकळ्या जागेत आणि थेट ऊन लागणार नाही अशा रीतीने तापमापक ठेवला जातो. स्वयंचलित केंद्रातही संवेदकाभोवती उन्हापासून वाचवणारे आवरण असते. त्यातून हवा खेळायची थांबली किंवा संवेदकच बिघडला, की यंत्र हवेऐवजी स्वतःचेच तापणे मोजू लागते. गाडीतल्या पडद्यावर दिसणारा किंवा डांबरी रस्त्यावर मोजलेला आकडा शहराचे तापमान म्हणून पुढे पाठवणे याच कारणाने चुकीचे आहे.

माझे मत एवढ्यावर थांबत नाही. कमाल तापमानाच्या उच्चांकाचे आपल्याला इतके आकर्षण आहे की त्याच पत्रकातील किमान तापमानाचा रकाना कोणी वाचतच नाही. हवामान विभागाच्या निकषांत उष्ण रात्रीची वेगळी व्याख्या आहे. दिवसाचे तापमान चाळीस किंवा त्याहून अधिक असताना रात्रीचे तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त राहिले, तर ती उष्ण रात्र धरली जाते. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्या, दिवसभर बांधकामावर राबणाऱ्या माणसाच्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे त्रेचाळीस अंशही त्याच्या जिवावर बेतू शकतात. नागपूरच्या उन्हावर बोलायचे असेल, तर बातमीच्या मथळ्यात रात्रीचा आकडा यायला हवा, असे मी आग्रहाने म्हणेन.

सिव्हिल लाइन्सचा वकील

मी सुचवतो तो कागद फार छोटा आहे आणि त्याचे नाव प्रत्येक नागपूरकराच्या तोंडी आहे: २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथील नेत्यांनी एका मराठी राज्यात एकत्र येण्यासाठी त्यावर सह्या केल्या. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, गोपाळराव खेडकर ही त्यातली काही नावे. दरवर्षी डिसेंबर जवळ आला, की कराराचा भंग झाला किंवा पालन झाले, असे दोन्ही बाजूंनी ठासून सांगितले जाते. करार प्रत्यक्ष वाचला तर त्यातील तरतूद अशी आहे, की विदर्भातील जनतेशी शासनाचा निकटचा संपर्क राहावा म्हणून शासनाने ठरावीक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला यावे आणि विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन येथे व्हावे. दिवसांची संख्या त्यात कुठेही दिलेली नाही. सहा आठवड्यांचा जो दाखला वारंवार दिला जातो, तो या कलमाच्या शब्दांत मला सापडला नाही.

तेव्हा २०२४ चे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर आणि २०२५ चे ८ ते १४ डिसेंबर इतकेच झाले, याने कराराचे अक्षर मोडले असे मी म्हणणार नाही. परंतु संपूर्ण वाक्य वाचणाऱ्याला हे दिसते, की अधिवेशनाच्याही आधी शासनाने येथे येण्याची गोष्ट लिहिली आहे आणि तिचे कारणही तिथेच दिले आहे. एका आठवड्यात प्रश्नोत्तरे, लक्षवेधी, पुरवणी मागण्या आणि विधेयके उरकायची असतील, तर चंद्रपूरहून किंवा गडचिरोलीहून मोर्चा घेऊन आलेल्या माणसाचा शासनाशी निकटचा संपर्क होतो तरी केव्हा? लढा दिवसांच्या संख्येचा नसून त्या संपर्काचा असावा, असे माझे ठाम मत आहे. कोविडमुळे २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली, त्याचे कारण समजण्यासारखे होते. परंतु २०१८ साली पावसाळी अधिवेशन नागपुरात घेण्यात आले, त्यावरून हे दिसते की इच्छा असेल तर वेळापत्रक बदलता येते.

करार हे राजकीय वचन आहे, त्याला कायद्याचे बळ नाही, हे लक्षात घेऊन त्यासोबत संविधानाचा अनुच्छेद ३७१ (२) अवश्य वाचावा. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे, त्यांच्या कामाचा दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल, विकासखर्चासाठी निधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण, व्यवसायप्रशिक्षण आणि नोकऱ्यांची न्याय्य सोय, यांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची मुभा त्यात आहे. अनुच्छेद १९५६ पासून संविधानात आहे, मंडळे मात्र १९९४ मध्ये आली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अधिवेशन किती दिवस चालावे यावर रकाने भरभरून लिहिणाऱ्यांनी दरवर्षी सभागृहापुढे यायला हव्या असलेल्या त्या अहवालाबद्दल निदान एखादा प्रश्न तरी विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण अनुशेषाचा हिशेब मागण्याचे ते सर्वांत भक्कम साधन होते.

ज्यांना वेळ असेल त्यांनी फाजल अली आयोगाचा, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोगाचा, १९५५ चा अहवालही चाळावा. विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचे वेगळे राज्य व्हावे, ही शिफारस त्यात आहे एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. आयोगाने त्यासाठी महसुलाचा विचार कसा केला आणि विरोधी युक्तिवाद कसे तपासले, ते वाचणे वेगळ्या राज्याच्या बाजूने असलेल्यांना आणि विरोधात असलेल्यांनाही सारखेच उपयोगी पडेल.

अजनीचा विद्यार्थी

वकीलसाहेबांनी सांगितलेले वाचलेच पाहिजे. एक व्यावहारिक गोष्ट जोडतो. शासकीय संकेतस्थळे नव्याने घडवली जातात तेव्हा जुने दुवे बंद पडतात आणि आपण जपून ठेवलेला पत्ता निरुपयोगी होतो. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती साठवत आहे आणि तिचे वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांसाठी खुले आहे. बंद पडलेला पत्ता तिथे टाकला, तर पुष्कळदा त्या पानाची जुनी प्रत तारखेसह मिळते. महत्त्वाचे पान सापडताच आपण स्वतःही त्याची प्रत तिथे साठवून ठेवू शकतो आणि चर्चेत तोच दुवा देऊ शकतो. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत आम्ही आता एवढा नियम पाळतो, की बातमीच्या चित्रापेक्षा मूळ कागदाचा पत्ता आधी द्यायचा.

शंकरनगरची रहिवासी

माझा शोध कागदाचा नसून नकाशांचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीच्या काठच्या वस्त्यांत झोपेतल्या माणसांच्या घरात पाणी शिरले. त्यानंतरची बहुतेक चर्चा पाऊस किती विक्रमी होता याभोवतीच फिरली. मी सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलदर्शक नकाशा, इस्रोचे भुवन हे नकाशांचे संकेतस्थळ आणि गूगल अर्थमधील जुनी उपग्रहचित्रे शेजारी ठेवून पाहिली. पश्चिमेकडील लाव्याच्या टेकड्यांवरून निघालेले पाणी अंबाझरीत येते, तलाव भरला की सांडव्यावरून पुढे निघते आणि नागनदी होऊन धरमपेठ, सीताबर्डी, महालाकडे जाते. म्हणजे अंबाझरीचा सांडवा हा या शहराच्या मध्यभागाचा दरवाजाच आहे.

उपग्रहचित्रांचा काळ मागे सरकवत नेला, की नदीला लागून असलेली मोकळी जागा कोणत्या वर्षांत कुठे कमी होत गेली, हे डोळ्यांनी दिसते. त्यातून दोष कोणाचा हे ठरत नाही, आणि हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेच्या रूपाने गेलेले असल्याने त्यावर मी काही म्हणत नाही. परंतु आपल्या घराच्या भोवतालचा उतार कुठे जातो आणि पाणी कोणत्या बाजूने येईल, हे प्रत्येक कुटुंबाने नकाशावर एकदा तरी पाहावे. घर विकत घेताना आपण वास्तुशास्त्र विचारतो, मालमत्तेची कागदपत्रे तपासतो आणि नाल्याची जुनी वाट मात्र पाहत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

काटोलचा कापूसकरी

कापसाचा उल्लेख प्रश्नातच आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे शेतात सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू होते आणि त्याच सुमारास भावावरच्या चर्चेलाही ऊत येतो. मी दोन कागद सुचवतो.

पहिला कागद केंद्रीय अर्थ मंत्रालयाची ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचना. २०२१ मध्ये आयात कापसावर अकरा टक्के शुल्क लावण्यात आले होते. १९ ऑगस्टपासून ते ३० सप्टेंबरपर्यंत माफ करण्यात आले आणि नंतर ही माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली. अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क लावल्याने कापड उद्योग अडचणीत होता, हे कारण मी नाकारत नाही. सूतगिरणीत काम करणारी माणसेही आपलीच आहेत. पण अधिसूचनेतील तारखा पाहाव्यात. पहिली मुदत आमची वेचणी जोमाने सुरू होण्याआधी संपत होती, आणि वाढीव मुदतीत ऑक्टोबर ते डिसेंबर हे नेमके आमचा माल बाजारात उतरण्याचे महिने आले. माझा आक्षेप शुल्कमाफीपेक्षा या तारखांवर अधिक आहे, आणि तारखा न वाचता केलेल्या चर्चेत तो आक्षेप येऊच शकत नाही.

दुसरा कागद कृषी खर्च व मूल्य आयोगाचा खरीप पिकांच्या भावधोरणाचा वार्षिक अहवाल. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये प्रतिक्विंटल जाहीर झाला. मध्यम धाग्यासाठी उत्पादनखर्च ५,१४० रुपये धरला होता आणि त्याची दीडपट म्हणजे बरोबर ७,७१० रुपये. त्यामुळे खर्चाच्या दीडपट भाव दिला हे सरकारी विधान हिशेबाने खरे आहे. मात्र तो खर्च कोणता, हे अहवालातच वाचायला मिळते. बियाणे, खते, फवारणी, मजुरी असा प्रत्यक्ष झालेला खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल, एवढेच त्यात धरलेले आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरून काढलेला सर्वंकष खर्च त्याच अहवालात वेगळ्या रकान्यात दिलेला असतो. शेतकरी संघटना दीडपटीची मागणी करतात ती त्या रकान्यावर, आणि सरकार दीडपट दिल्याचे सांगते ते आधी सांगितलेल्या, घरच्या श्रमापर्यंतच्या खर्चाच्या रकान्यावर. दोन्ही बाजू आपापल्या जागी खरे बोलतात आणि ऐकणाऱ्याला वाटते, की त्यातली एक धादांत खोटी आहे.

खरेदी केंद्रावर जाण्याआधी आणखी एक गोष्ट वाचून ठेवावी. पूर्ण हमीभाव आठ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्यासाठी असतो; त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात होते आणि त्याहून ओला कापूस भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) घेत नाही. परतीचा पाऊस लांबला की पहिल्या वेच्याचा कापूस या अटीत बसवणे कठीण जाते, म्हणून वर्तमानपत्रात छापलेला भाव आणि हातात पडलेला भाव यांत अंतर राहते.

धंतोलीची वाचक

भाऊ, तुमच्या लिखाणाने माझ्या अनेक शंका मिटल्या. एक मात्र उरली. आयोग प्रत्यक्ष शेतकऱ्यांच्या नोंदींवरून खर्च काढतो, तरीही काटोल-नरखेडकडचे लोक तो आकडा आपला नाही असे म्हणतात. मग मूळ कागदावर विश्वास ठेवायचा की शेतकऱ्याच्या सांगण्यावर? माझ्या प्रश्नाचा रोख कागद वाचण्यावर होता, म्हणून हे स्पष्ट होणे मला आवश्यक वाटते.

काटोलचा कापूसकरी

ताई, दोहोंवर ठेवता येतो, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टी सांगत आहेत. हमीभावासाठी धरलेला खर्च हा अखिल भारतीय भारित सरासरी असतो. तिच्यात गुजरातेतले ओलिताचे कापूसक्षेत्र आहे, पंजाब-हरियाणातले कालव्याखालचे क्षेत्र आहे आणि विदर्भातले कोरडवाहू रानही आहे. शिवाय खर्च होतो एकरावर आणि भाव मिळतो क्विंटलवर, ही या हिशेबातील कळीची गोष्ट आहे. समजा एकरी तीस हजार रुपये लागले. दहा क्विंटल पिकले तर क्विंटलमागे तीन हजार खर्च आला, पण पावसाने दगा दिल्यामुळे किंवा गुलाबी बोंडअळीमुळे पाचच क्विंटल हाती आले, तर तोच खर्च सहा हजारांवर जातो, जरी शेतकऱ्याने एक रुपयाही जास्त खर्च केलेला नसला तरी. हे आकडे मी समजावून सांगण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाचे वेगळे येतील. आयोगाच्या अहवालात राज्यवार खर्चाचे तक्तेही असतात. त्यात महाराष्ट्राची ओळ आणि भारताची सरासरी शेजारी ठेवून पाहिली, की काटोलचा माणूस काय म्हणतो ते त्याच अहवालातून कळते.

म्हणून मी गावातल्या तरुणांना सांगतो, की आपल्या शेताची वही ठेवा. मजुरी कोणत्या तारखेला किती दिली, फवारण्या किती झाल्या, वेचाई किलोमागे काय दराने गेली, कापूस कोणत्या दिवशी, किती ओलाव्याने आणि काय भावाने विकला, हे लिहिलेले असेल तर आयोगाच्या तक्त्यासमोर ठेवायला आपल्याजवळही कागद असतो. पुढच्या खरिपाचा अहवाल निघाला की महाराष्ट्राची ओळ मी येथे उतरवीन. नरखेड, सावनेर, कळमेश्वर भागातले कोणी वही ठेवत असतील तर त्यांनी आपला एकरी खर्च आणि उतारा, कोरडवाहू की ओलिताचा हे नमूद करून, त्याखाली लिहावा.